आबांचा सतरा नंबरचा फॉर्म

आमच्या मावळात निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. पूर्वी बाप पोराला शाळेत घालायला घेऊन यायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, आणि बाप सांगायचा, "भात लावनी चाललीवती बघा." मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघायचे. पोचला की पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख एक जून. मी एक जूनचा, माझे वडील एक जूनचे, आणि ज्या तालुक्यात आम्ही जन्मलो त्या तालुक्यातली अर्धी मतदारयादी एक जूनची. एक जूनचा माणूस सरकारी नियमाने एकतीस मेला निवृत्त होतो. आमच्या शाळेतून यंदा तिघे एकाच दिवशी निवृत्त झालो: चित्रकलेचे सर, प्रयोगशाळेतला परिचर आणि मी. एका समारंभात तिघांना उरकलं.

मी कामशेत आणि कान्ह्याच्या मधल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं लिपिक होतो. या अंकाच्या संपादकांनी मला कामाचे अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा बायको म्हणाली, "तुमचे कसले अनुभव? खिडकीत बसून 'उद्या या' म्हणालात, एवढंच." बायकोचं म्हणणं सोळा आणे खोटं नाही. तिचं नाव नंदा. तीही आमच्याच शाळेची. लग्न ठरलं तेव्हा मी नोकरीत होतो, त्यामुळे मुलगी बघायच्या आधी मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला बघितला होता. वर्तणूक: चांगली. मी निर्धास्त झालो. शाळा सगळ्यांनाच 'चांगली' लिहिते, हे कळायची अक्कल त्या वयात नव्हती.

बाहेरच्या माणसाला आमचं काम कळावं म्हणून सांगतो. शाळेत सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर. मुख्याध्यापक येतात, जातात. इमारत गळते, दुरुस्त होते. रजिस्टर तेच राहतं. पोरगं शाळेत आलं की त्यात एक नंबर आणि एक ओळ: नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, कधी आलं, कधी गेलं, का गेलं. एकदा शाईनं लिहिलं की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही, निदान अर्ज केल्याशिवाय नाही. माणूस मेला तरी ओळ राहते. वारसाहक्काला, जातीच्या दाखल्याला, पासपोर्टला, सगळ्याला शेवटी माणूस खिडकीशी येऊन उभा राहतो आणि त्या ओळीची नक्कल मागतो. त्या ओळीचा राखणदार म्हणजे मी. तोऱ्यात सांगतोय असं वाटेल, तर वाटू द्या. पगार बेताचा असला की माणसाला तोरा तरी असावा.

खिडकीशी येणाऱ्या माणसांची एक गंमत मी बघितली. तरुणपणी सगळ्यांना लहान व्हायचं असतं. पोलीस भरती, मिलिटरी, लग्न. म्हातारपणी सगळ्यांना मोठं व्हायचं असतं, कारण एसटीत पंचाहत्तरीनंतर फुकट. कामशेतला सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले हुसेनचाचा दर गुरुवारी शिरगावला साईदर्शनाला जाणाऱ्या भाविकांच्या गर्दीतून वाट काढत माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, "अशोकराव, मला तीन वर्षं पुढं ढकला की. माझे गुडघे बघा, हे काय बहात्तरचे गुडघे हायत?" मी म्हणायचो, चाचा, रजिस्टरात गुडघ्यांचा रकाना नाही. चाचा हसायचे, चहा प्यायचे आणि पुढल्या गुरुवारी पुन्हा यायचे. बघता बघता ते खरोखरीचे पंचाहत्तर झाले. आता एसटीनं फुकट येतात आणि मला सांगतात की तुम्ही माझी तीन वर्षं खाल्लीत.

जुन्या हायवेला लागून एका माणसाचं रिसॉर्ट आहे. त्याला नववीत शाळा सोडल्याचा दाखला दहावी पासचा करून हवा होता. कुठल्या तरी निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्यानं मला कुटुंबासकट दोन दिवस राहायला बोलावलं, पोहायच्या तलावासकट. नंदा म्हणाली, जाऊन येऊ आणि मग नाही म्हणू. मी तेवढाही धीर केला नाही. तो माणूस निवडून आला ती गोष्ट वेगळी. आता सत्कारात मला शाल देतो आणि कानात म्हणतो, "तुमी लय हट्टी."

एवढं ताठ राहायला मी जन्मजात हरिश्चंद्र नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी शेण खाल्लेलं आहे. वर्गात माझ्याबरोबर असलेला एक जण भरतीला निघाला होता, वय वर्षभरानं जास्त भरत होतं. गळ्यात पडला, रडला. मी ब्लेडनं जन्मसालाचा आकडा हलकेच खरवडला आणि नवा घातला. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. पंधरा दिवसांनी त्याचाच धाकटा भाऊ दाखल्याला आला. मुख्याध्यापकांनी दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या. मी केलेल्या हिशोबाप्रमाणे त्यांच्या आईनं तीन महिन्यांत दोनदा बाळंतपण केलं होतं, आणि जुळं नव्हतं.

पान उजेडात धरलं तर आकड्याच्या जागी भोक दिसत होतं. मुख्याध्यापकांनी मला समोर उभं केलं. तेवढ्यात दारातून आबा आत आले.

आबा म्हणजे माझे वडील, धोंडिबा मारुती शेलार, आणि त्या वेळी शाळेचे शिपाई. शाळा ज्या वर्षी सुरू झाली त्या वर्षापासून घंटा त्यांच्या हातात. शाळेच्या भिंतींचे दगड गावानं श्रमदानानं वाहिले, त्यात ते होते, आणि भिंत उभी राहिल्यावर त्याच भिंतीशी चाळीस वर्षं उभे राहिले. बोलायला तिखट. पोरांना शिव्या देत, पण पोरं त्यांच्याच डब्यातली भाकरी खात. तर आबा आत आले आणि म्हणाले, "साहेब, ते माज्या हातनं झालं. रजिष्टर झाडत व्हतो. पानावर मुंगळा बसल्याला. तो नखानं काडाय गेलो, तर कागूद खरवाडला."

"मुंगळा नेमका जन्मतारखेवर बसला होता?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. तितंच."

"आणि त्यानं नवा आकडा शाईनं लिहिला?"

आबा जागचे हलले नाहीत. साहेब सगळं समजले. त्यांनी आबांच्या सेवापुस्तकात 'कामात हयगय' अशी नोंद केली, आकडा स्वतः सहीनिशी दुरुस्त केला आणि माझ्याकडे फक्त बघितलं. आबांच्या सेवापुस्तकात चाळीस वर्षांत तेवढी एकच काळी नोंद आहे, आणि ती माझी आहे. त्या दिवसानंतर मी रजिस्टरला ब्लेड सोडा, रबरसुद्धा लावलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. गेल्या वर्षी शाळेचा हीरक महोत्सव ठरला. साठ वर्षं. माजी विद्यार्थ्यांना निमंत्रणं धाडायची, पुढच्या खुर्च्या त्यांच्यासाठी, आणि ज्या घरातल्या तीन पिढ्या या शाळेत शिकल्या त्या घरांचा स्टेजवर सत्कार. यादी करायचं काम अर्थातच माझं. मी महिनाभर खपून जनरल रजिस्टरावरून यादी केली. आमच्या घरी चार पत्रिका आल्या. एक मला, एक नंदाला, एक माझ्या मुलीला पल्लवीला. चौथी माझा धाकटा भाऊ दत्तू याला. दत्तू आमच्या शाळेत दहावीला तीनदा बसला, तिन्ही वेळा पडला, आणि आता कार्ल्याला रस्त्याच्या कडेला त्याचा वडापावचा गाडा झकास चालतो.

आबांना पत्रिका नव्हती.

मी ती चूक मुद्दाम केली नव्हती, आणि हेच जास्त वाईट. रजिस्टरात ज्यांची ओळ, त्यांना पत्रिका, असा मी साधा नियम लावला होता. आबांची ओळ नाही, कारण आबा या शाळेत कधी शिकलेच नाहीत. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. चौतीस वर्षं त्या रजिस्टरात डोकं घालून बसलेला माणूस दुसरं काय करणार. ओट्यावर चार पत्रिका ओळीनं ठेवलेल्या होत्या. आबांनी चष्मा लावून चारही नावं वाचली. मग पाचवी शोधायला पाकिटं उलटी करून झटकली. त्या झटकण्याचा आवाज मला अजून येतो.

"अशोक," ते म्हणाले, "दत्तूला बी बोलावलंय."

"हो."

"तीनदा पडला त्यो."

"रजिस्टरात नाव आहे ना, आबा."

त्यांनी पाकिटं पुन्हा ओळीनं लावली. संध्याकाळी मला ओट्यावर बोलावून त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. शाळा निघाली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. सातवी पास होऊन गुरं राखत होते. तेव्हा आठवीत अठरा-अठरा वर्षांचे बाप्ये बसायचे, त्यात काही विशेष नव्हतं. पहिल्या मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून विचारलं, धोंडिबा, आठवीत नाव घालू की शिपाई म्हणून घेऊ? दोन्ही जमणार नाही. आबांचे वडील वर्षापूर्वीच गेलेले, मागं चार भावंडं. आबा म्हणाले, साहेब, नोकरी द्या.

"पन सायबांनी माजी वळ राखलीवती," आबा म्हणाले. "म्हनालेवते, धोंडिबा, इचार बदलला तर ये. पयल्या रजिष्टरात बेचाळीस नंबर बघ. रिकामा हाय."

बेचाळीस नंबर रिकामा आहे हे मला माहीत होतं. एक्केचाळीसनंतर एक कोरी ओळ आणि मग त्रेचाळीस. मी समजत होतो, त्या साहेबांनी घाईत ओळ सोडली असेल. साहेब कधीच वारले, विचारायचं कुणाला? पण आबा दर दिवाळीच्या सुटीत ती रजिस्टरं उन्हाला घालायचे, झाडायचे, आणि चाळीस वर्षं ती ओळ बघायचे.

"त्यात माजं नाव घाल," आबा म्हणाले. "येक वळ. कुनाचं काय जातंय?"

मी नाही म्हणालो.

कारणं मी त्यांना सांगितली, आणि ती सगळी बरोबर होती. एक ओळ खोटी निघाली तर त्या रजिस्टरावरून दिलेला प्रत्येक दाखला उद्या कोर्टात संशयाचा होईल. हुसेनचाचांना मी तीन वर्षं दिली नाहीत, रिसॉर्टवाल्याला एक इयत्ता दिली नाही, मग घरच्याला ओळ कशी देऊ? मी मुख्याध्यापिका मॅडमनाही विचारलं, त्या म्हणाल्या, शेलार, तुम्हीच मला नियम शिकवले आहेत. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मुंगळ्याचं नाव काढलं नाही. ते नंदानं काढलं. आत भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "बापानं पोरासाठी मुंगळा पुढं केला. पोरानं बापापुढं नियम ठेवला. शाब्बास." मला ताटावर बसवेना.

चार दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून शाळेच्या कचेरीत आले. घरात नाही, कचेरीत. खिडकीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सतरा नंबरचा फारम द्या."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं असेल तर जो अर्ज भरतात त्याला सगळा महाराष्ट्र सतरा नंबरचा फॉर्म म्हणतो. शाळा सोडून हॉटेलात लागलेली पोरं, लग्न लवकर झालेल्या मुली, रिक्षावाले, असे लोक भरतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुणी भरल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

"आबा, हा भरला तरी जनरल रजिस्टरात नाव येत नाही," मी स्पष्ट सांगितलं. उगाच लपवाछपवी नको.

"मग कशात येतंय?"

"बोर्डाच्या यादीत. शाळेच्या नावाखाली."

"वर आपल्या शाळंचं नाव असतंय ना? आनि खाली माजं?"

"हो."

"मग दे."

फॉर्मला जुन्या शाळेचा सातवीचा दाखला लागतो. आबांची प्राथमिक शाळा पलीकडच्या गावात. मी तिथं गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. आतल्या तरुण बाईंनी मान वर न करता सांगितलं, "उद्या या." दुसऱ्या दिवशी गेलो. "कपाटाची किल्ली गुरुजींकडे आहे, सोमवारी या." सोमवारी गेलो. "एवढं जुनं आहे, वाळवीनं खाल्लं असेल." मी चिडलो आणि म्हणालो, अहो, मी स्वतः लिपिक आहे. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला माहीतच असेल. सहाव्या खेपेला दाखला मिळाला. जन्म एक जून. वर्तणूक चांगली.

अभ्यास घ्यायचा नंदानं. मला तिनं हात लावू दिला नाही, कारण मी गणितात पस्तीसवर काठावर पास झालो होतो हे तिनं माझ्या गुणपत्रिकेवरून लग्नाच्या पहिल्याच वर्षी शोधून काढलं होतं. जिनं पंचवीस वर्षं सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती आता पट्टी घेऊन समोर बसायला लागली.

"आबा, कंसातलं आधी सोडवायचं."

"मग कंसात घातलंच कशाला?"

"पुस्तकात असंच आहे."

"पुस्तकवाल्याला काय काम न्हाई."

आबांचं एक वेगळंच होतं. चाळीस वर्षं ते वर्गांच्या दारांशी उभे राहिले होते, त्यामुळे इतिहास, कविता, संतांचे अभंग त्यांना कानानं पाठ होते, पण तुकड्यातुकड्यांत. घंटा द्यायला गेले की मधला भाग राहायचा. पानिपताला लढाई सुरू झालेली त्यांना माहीत होती, पण शेवट काय झाला ते नंदानं सांगितलं तेव्हा कळलं, आणि दोन दिवस ते उदास होते. विज्ञानात त्यांनी ठामपणे नऊ ग्रह लिहिले. नंदा म्हणाली, आता आठ. "येक गेला कुटं?" "तो ग्रह नाही असं ठरलं." आबा म्हणाले, "म्हंजे त्याचं बी नाव काडलं," आणि माझ्याकडे बघितलं.

जानेवारीत महोत्सव झाला. पुढच्या खुर्च्यांवर माजी विद्यार्थी, त्यात दत्तू कोट घालून. मॅडम भल्या बाई, त्यांनी आबांसाठी खास शाल-श्रीफळ ठेवलं होतं. माईकवरून पुकारलं, "आमच्या शाळेचे जुने सेवक धोंडिबाआबा." आबा सगळ्यात मागच्या रांगेत होते. उठले आणि तिथूनच म्हणाले, "सेवक म्हून नको. अभ्यास ऱ्हायलाय," आणि घरी निघाले. मंडपात हशा पिकला. मी हसलो नाही. तीन पिढ्यांच्या सत्काराला आमचं घर बसत नव्हतं, दोनच पिढ्या होत होत्या, हे माझ्याच यादीनं ठरवलं होतं.

परीक्षेआधी शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला एक हमीपत्र भरावं लागतं: माझा जवळचा नातेवाईक या केंद्रावर परीक्षेला बसलेला नाही. बसला असेल तर नाव आणि नातं लिहायचं, आणि परीक्षेच्या कामातून बाजूला व्हायचं. मी लिहिलं: धोंडिबा मारुती शेलार, नाते वडील. दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयातून फोन. "शेलार, तुम्ही उलटं भरलंय. परीक्षार्थी तुमचा मुलगा, म्हणून नाते मुलगा लिहा." मी म्हणालो, नाही, वडीलच. फोनवरच्या माणसानं विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, साहेब, ही एक नोंद मी डोळे मिटून देतो.

त्यामुळे मी पेपरांच्या दिवशी घरी, आणि आबा शाळेत. जे झालं ते मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी भरारी पथकानं आबांची झडती घेतली, टोपीत एक चिठ्ठी सापडली. उघडली तर गोळ्यांची यादी: सकाळी पांढरी, जेवणानंतर पिवळी. इंग्रजीच्या पेपरला नव्या शिपायानं घंटा दोन मिनिटं उशिरा दिली, तर आबा बाकावरून उठून खिडकीतून ओरडले, "हाताला काय झालंय रं तुज्या?" पर्यवेक्षक म्हणाले, आजोबा, बसा, पेपर लिहा. आबा म्हणाले, "लिवतो, पन त्याला आदी सांगा." भूमितीच्या पेपरला त्यांनी कंपासपेटी नेली होती, ती दत्तूची जुनी, तीन वेळा नापास झालेली. नंदानं नको नको म्हटलं होतं.

निकाल मोबाईलवर लागतो. दत्तूच्या गाड्याशी आम्ही सगळे उभे होतो, कारण तिथं रेंज चांगली येते. गिऱ्हाइकं वडे सोडून आमच्यात घुसली. मराठी एकावन्न. हिंदी अडतीस. सामाजिक शास्त्रे चव्वेचाळीस. विज्ञान बावीस. इंग्रजी अकरा. गणित चार. खाली शेरा: अनुत्तीर्ण. मला वाटलं आबा खचतील. ते म्हणाले, "गणितात चार कशाचे दिले? म्या तर निस्तं नाव लिवलंवतं." दत्तूनं त्यांना मिठी मारली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक वडा वाटला. आमच्या घरात नापास व्हायचा मान इतके दिवस त्याच्या एकट्याकडे होता.

गुणपत्रिका आल्या तेव्हा माझ्या नोकरीचे तीन-चार दिवस उरले होते. वाटप माझ्याच खिडकीतून. सोळा-सोळा वर्षांची पोरं रांगेत ढकलाढकली करत होती, आणि त्यांच्यात टोपी घातलेले आबा. मी आत बोलावलं तर आले नाहीत. रांगेत तासभर उभे राहिले. एका पोरानं "आजोबा, तुमी पुडं व्हा" म्हटलं, तर त्याला म्हणाले, "गप ऱ्हा, माजा नंबर येऊ दे."

नंबर आला.

"नाव?" मी विचारलं.

"तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"विचारावं लागतं, आबा. सगळ्यांना विचारतो."

आबा सरळ उभे राहिले, टोपी नीट केली. "धोंडिबा मारुती शेलार."

मी वाटपाचं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. सगळ्यात वर शाळेचं नाव, खाली रकाने. "कुटं सही करू?" त्यांनी विचारलं. त्यांना वाचता येत होतं, तरी विचारलं. मी रकान्यावर बोट ठेवून वाचलं, "विद्यार्थ्याची सही." त्यांनी पेन घेतलं आणि इतक्या सावकाश सही केली की मागून पोरं चुळबुळायला लागली. मी गुणपत्रिका दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, घडी न घालता.

"झालं, आबा," मी म्हणालो. "शाळेत नाव लागलं. आता घरी जा, उन्हाचं नका थांबू."

ते हलले नाहीत. "पुरवनीचा फारम?"

"आता कशाला? नाव पाहिजे होतं, ते लागलं की."

"लागलं. पन नापास म्हून लागलंय. दत्तू हाय की त्या नावाला घरात." मग खिडकीच्या गजांना धरून हळूच म्हणाले, "तीन इषय हायत. भर की."

मी संगणकावर पुरवणी परीक्षेचा अर्ज उघडला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख एक जून. मग पुढचा रकाना आला: याआधी कोणत्या शाळेतून परीक्षेला बसला. तो रकाना मी हजारो पोरांचा न बघता भरला असेल. आता बोटं कीबोर्डवर थांबली. मी या शाळेचं नाव लिहिणार होतो, आबांच्या नावापुढं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुणाची परवानगी लागणार नव्हती, काही खरवडावं लागणार नव्हतं. मी शाळेचं पूर्ण नाव लिहिलं. मला एकदम रडू आलं, ते आवरेना, आणि समोरची अक्षरं दिसेनाशी झाली.

"काय झालं?" आबा खिडकीतून वाकून विचारत होते. "लाइट गेली का?"

"नाही."

"मग भर लवकर. मागं पोरं खोळंबल्यात."